पणजोबा कोणत्या पलटणीत होते? महायुद्धांत गेलेल्या मराठी सैनिकांचा शोध – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याचा आकडा पंचवीस लाखांच्या आसपास पोहोचला. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, नगर, कोल्हापूर, बेळगाव या भागांतली कितीतरी घरं अशी आहेत जिथे भिंतीवर गणवेशातला एक धूसर फोटो आहे, पण त्या माणसाबद्दल सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्या घरांतली नातवंडं-पतवंडं आज जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. इथे भर मराठी पलटणींवर आणि महाराष्ट्र-बेळगाव भागातल्या कागदपत्रांवर आहे.

घरात फक्त “लढाईवर गेले होते” एवढंच माहीत आहे. सुरुवात कुठून करायची?

घरातूनच, आणि आजच. इंटरनेटवर नाव टाकून बघण्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसांशी बोला. विशेषतः आत्या आणि आज्या. पुरुषांना पलटणीचं नाव आठवतं, पण मनीऑर्डर कधी बंद झाली, तार कुणी वाचून दाखवली, चुडा कधी उतरवला, हे बायकांनी जपलेलं असतं. तारखा त्यातूनच हाती लागतात.

“कोणत्या युद्धात होते?” असं विचारलंत तर बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी “कुठल्या गावांची नावं सांगायचे?” असं विचारा. बसरा, बगदाद, कूत ही नावं आली तर बहुधा पहिलं महायुद्ध. इटली, तोब्रुक, केरेन, इंफाळ, रंगून आली तर दुसरं. नुसतं “मिसर” किंवा “आफ्रिका” आलं तर मात्र घाई करू नका, कारण तिथे आपली माणसं दोन्ही युद्धांत होती. मग वयाचा हिशोब करा. १९१६ साली ज्यांचं वय आठ होतं ते कूतला असू शकत नाहीत. हे उघड वाटतं, तरी आजोबा आणि पणजोबा यांच्या गोष्टी घरोघर एकमेकींत मिसळलेल्या असतात.

त्यानंतर पत्र्याची ट्रंक, देवघर, जुन्या जमिनीच्या कागदांचं बोचकं. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, पदकं, टोपीवरचा किंवा खांद्यावरचा पितळी बिल्ला, पलटणीचा समूह-फोटो आणि त्या फोटोची मागची बाजू. फोटो फ्रेममधून जपून काढा. छायाचित्रकाराचा शिक्का आणि गावाचं नाव बऱ्याचदा मागेच असतं.

सगळे “नंबर” विचारतात. तो इतका महत्त्वाचा का?

कारण रामा जाधव एक नव्हते. एकाच पलटणीत, एकाच तालुक्यातले, एकाच नावाचे पाच-सहा शिपाई असणं अगदी नेहमीचं. सैन्याने माणूस ओळखला तो नंबराने. शोधही शेवटी तिथेच येऊन थांबतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रत्येक पलटणीची नंबरांची मालिका स्वतंत्र होती. म्हणजे २३४५ हा नंबर ११४व्या मराठ्यांत एकाचा, ११७व्यात दुसऱ्याचा. नुसता नंबर किंवा नुसती पलटण यावर काम भागत नाही, जोडी लागते. ती जोडी हाती आली की अर्धं काम झालं, असं मी निःशंकपणे सांगेन. ती नसताना “हेच आमचे पणजोबा” म्हणून कुठल्याही यादीतलं नाव उचलू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी पणजोबांवर तो अन्याय होतो.

घरी पदकं आहेत. त्यांवरून काय कळतं?

भरपूर, फक्त पदक उजेडात तिरपं धरून त्याची कड वाचा. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर हाच मजकूर मागच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेली पदकं बिननावाची होती, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव कोरलेलं असे. त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या युद्धाचं पदकही बोलकं आहे.

कोणतं पदक आहे, यावरूनही बरंच समजतं. १९१४ किंवा १९१४-१५चा तारा असेल तर तो माणूस युद्धाच्या पहिल्या टप्प्यातच आघाडीवर पोहोचला होता. दुसऱ्या युद्धातले आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार थेट आघाडीच सांगतात. पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना चांदीचं मिळालं आणि मजूर, खेचरवाले, स्वयंपाकी अशा अनेकांना कांस्याचं. घरातलं मेडल तांबूस असेल तर तो शोध लढणाऱ्या पलटणीऐवजी मजूर आणि वाहतूक तुकड्यांत करावा लागतो.

एक कळकळीची विनंती. पदक चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने घासू नका. कडेवरची अक्षरं आधीच झिजलेली असतात. बारीक पीठ हलक्या हाताने लावून पुसलं की अक्षरं उठून दिसतात, तेवढ्यात फोटो काढून घ्या. पदक सोनाराकडे मोडलं गेलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. दुष्काळाच्या वर्षी चांदी विकून घर चालवणाऱ्या बाईने काही चूक केली नाही.

घरात सांगतात की पणजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. हे कसं तपासायचं?

व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांची यादी पूर्ण आणि जाहीर आहे, त्यामुळे तपासायला पाच मिनिटं लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीत हा सन्मान दोघांना मिळाला, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात, दोन्ही इटलीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांचा सन्मान मरणोत्तर होता. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवलं आणि शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. ते परतले आणि १९८४ पर्यंत होते.

घराघरात जो “व्हिक्टोरिया” सांगितला जातो तो बहुतेक वेळा व्हिक्टरी मेडल असतो. इंद्रधनुषी फितीचं, पंखधारी देवतेचं चित्र असलेलं हे पदक आघाडीवर गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळालं. त्याच्या मागे १९१४–१९१९ अशी वर्षं आहेत, पण ती युद्धाची आहेत, तुमच्या पणजोबांच्या नोकरीची नाहीत. पदक मोठं की लहान यात अडकू नका. ते घरात आहे म्हणजे माणूस तिथे होता, आणि ते पुरेसं मोठं आहे.

पदकांबरोबर हाताच्या पंजाएवढी एक जड, गोल थाळी आहे. ती काय?

सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची, कांस्याची, हातात पुष्पचक्र धरलेली स्त्री आणि शेजारी सिंह असेल, तर ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मृतिथाळी आहे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा आणि नंबर मुद्दामच घातलेले नाहीत. म्हणजे घरातला माणूस परत आला नाही याचा हा सरकारी पुरावा, पण नंबर मात्र दुसरीकडून मिळवावा लागणार. काही ठिकाणी ही थाळी देवघरात, टाकांशेजारी ठेवलेली असते. ती तिथेच राहू द्या, फोटो तेवढा काढा.

जे युद्धात मरण पावले त्यांची नावं कुठे मिळतात?

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर, फुकट. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू आलेल्यांची नोंद तिथे असते. मृत्यू गोळीनेच यायला हवा असं नाही. कॉलरा, न्यूमोनिया, १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ, अपघात, सगळं त्यात येतं. पुण्या-बेळगावच्या डेपोत तापाने गेलेला रंगरूटही.

शोध इंग्रजीत करावा लागतो. नाव टाकून हजारो निकाल येतील, म्हणून प्रगत शोधात भारतीय सैन्य निवडा आणि “अधिक माहिती” या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. नाव माहीत नसलं तरी या वाटेने एका गावातले सगळे हाती येतात. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण आपला माणूस शोधताना शेजारच्या घरातलाही सापडतो, आणि त्या घराला कधीकधी तो गेल्याचं ठाऊकही नसतं.

इंग्रजी स्पेलिंगचं काय?

गोरा किंवा परप्रांतीय कारकून, रंगरूट निरक्षर, आणि कानाला जे आलं ते लिहिलेलं. पवारांचा ‘पोवार’, शिंद्यांचा ‘सिंदे’, जाधवांचा ‘जाधो’ किंवा ‘जादव’, भोसल्यांचा ‘भोंसले’. ‘व’साठी कधी डब्ल्यू, कधी व्ही. काही नोंदींत आडनावच नाही, नुसतं ‘सखाराम’. काहींत आडनाव आधी, नाव नंतर. म्हणून शोधताना नावाची सुरुवातीची तीन-चार अक्षरंच टाका आणि बाकीचं वडिलांच्या नावावरून, गावावरून जुळवा.

गावाच्या बाबतीत जुना नकाशा जवळ ठेवा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे साताऱ्यात होते. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. रायगड म्हणजे कुलाबा. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, कर्जत कुलाब्यातही आणि नगरातही, खानापूर साताऱ्यातही आणि बेळगावातही. फलटण, भोर, जत, सावंतवाडी, अक्कलकोट ही संस्थानं होती, त्यामुळे तिथल्या माणसापुढे ब्रिटिश जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येऊ शकतं.

पणजोबा बसऱ्याकडे गेले ते आलेच नाहीत. त्यांचं नाव दगडावर कोरलेलं आहे का?

बहुधा नाही, आणि हे सांगताना अजूनही राग येतो.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर किंवा दहनस्थळ ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा दिला. अमारा इथल्या डाव्या तीरावरच्या हिंदी युद्धस्मशानात सुमारे पाच हजार जण आहेत आणि ओळख पटलेले दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतके, कारण दफन-दहनाच्या नोंदीच नीट ठेवल्या नव्हत्या. कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून ही विषमता मान्य केली आणि सुटलेली नावं शोधण्याचं काम हाती घेतलं.

तरी नाव हरवलेलं नाही. दगडावर नसलं तरी नोंदवह्यांत ते आहे, आणि संकेतस्थळावरच्या शोधात ‘बसरा मेमोरियल’ म्हणून समोर येतं. स्मारक स्वतः १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं गेलं, तिथे जाणं आज सोपं नाही.

दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव शोधायला बरेच जण जातात आणि निराश होऊन परततात. तिथे तेरा हजारांच्या वर नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. बसऱ्याकडे गेलेला माणूस तिथे सापडणार नाही. फ्रान्समध्ये मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्यांची नावं न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्याच गावच्या हल्ल्यात मुंबई सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या अभियंता पलटणीच्या, २०व्या आणि २१व्या कंपन्यांची भयंकर हानी झाली होती.

“कूतला कैद झाले” असं ऐकलंय. पुढे काय झालं असेल?

७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी कूत-अल-अमारा वेढून ठेवलं. आत सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण, शिवाय मुंबई सॅपर्सच्या कंपन्या. अन्न संपलं, घोडे-खेचरं मारून खाल्ली गेली, आणि शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यातली बहुसंख्य हिंदी. अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी वागवलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनसारख्या ठिकाणी रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत आणि तिथे किती मेले याचा धड हिशोब लागत नाही.

म्हणून कूतच्या कैद्याची मृत्युतारीख सरकारी नोंदीत “या दिवसापासून त्या दिवसापर्यंत” अशी सापडली तर ती चूक समजू नका. नेमका दिवस कुणालाच माहीत नव्हता. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या याद्या आणि कार्डं इंटरनेटवर खुली केली आहेत. ती चाळायला चिकाटी लागते, कारण बरीचशी हस्तलिखित पानांची छायाचित्रं आहेत. पण कूतचा संशय असेल तर तिथे बघाच.

आमचे आजोबा जिवंत परत आले. त्यांची नोंद कुठे?

खरं कठीण काम हेच. मेलेल्यांची यादी झाली. परतलेल्यांची अशी एकत्र यादी महाराष्ट्रासाठी नाही. पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात सापडली आणि २०२१ मध्ये इंटरनेटवर आणण्यात आली. ती बातमी वाचून अनेक जण आपल्याकडचंही तसंच काही मागतात. ती रजिस्टरं फक्त पंजाबची आहेत.

आपल्यासाठी वाट पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, मुंबई सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला. साधं, स्वच्छ पत्र लिहा. नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे भरतीचं वर्ष आणि तुमच्याशी नातं. सोबत नात्याचा पुरावा आणि पदकाच्या कडेचा फोटो जोडा. माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो, पण आधी पत्र पाठवा. रेकॉर्ड ऑफिसमधली माणसं सैनिकच असतात आणि जुन्या पलटणवाल्याच्या नातवाला मदत करायला आवडणारी तिथे बरीच भेटतात.

अपेक्षा मात्र वास्तवाला धरून ठेवा. पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रं २५ वर्षांनी आणि पेन्शनवाल्याची ५० वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. “रेकॉर्ड उपलब्ध नाही” असं उत्तर आलं तर त्यात कुणाची टाळाटाळ असेलच असं नाही. अशा वेळी ‘लाँग रोल’ बघण्याची विनंती करा. भरती झालेल्यांची ही मूळ नोंदवही सहसा जपलेली असते. तिच्यात एका ओळीत नंबर, नाव, गाव, भरती आणि सेवामुक्तीची तारीख मिळू शकते. ती एक ओळ मिळाली तरी भाग्य समजा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. दुसऱ्या महायुद्धातले जे सैनिक किंवा त्यांच्या विधवा मानधनासाठी नोंदल्या गेल्या, त्यांच्या अर्जांबरोबर डिस्चार्जची प्रत जोडलेली असते. घरातली मूळ प्रत वाळवीने खाल्ली असेल तर हीच शेवटची.

मराठा पलटणींचे आकडे वेगवेगळे दिसतात. १०५ की ५?

१९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली आणि जुने तीन आकडी नंबर गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत १०३वी पहिली बटालियन झाली, तीच जंगी पलटण. १०५वी दुसरी म्हणजे काळी पाचवी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी. ११४वी प्रशिक्षणाची दहावी बटालियन बनली आणि घर झालं बेळगाव. तेव्हा पदकावर ‘११७ मराठाज’ असेल तर पहिलं युद्ध, ‘५ मराठा एल. आय.’ असेल तर १९२२ नंतरचं.

दुसऱ्या युद्धात कोण कुठे होतं याचा ढोबळ नकाशाही उपयोगी पडतो. पहिली बटालियन इटलीत, नामदेव जाधव तिच्यातले. दुसरी जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा जर्मन-इटालियनांच्या हाती लागली, म्हणून “आजोबा इटलीत कैदेत होते” असं घरात सांगत असतील तर आधी तिच्यात शोधा. तिसरी एरिट्रियात केरेनला लढली, पुढे इटलीत गेली, यशवंत घाडगे तिच्यातले. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांसमोर होती. पाचवी मशीनगन बटालियन म्हणून इटलीत.

आणखी एक. १९२२ पूर्वीच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. कोकण-घाटावरच्या मुस्लिम घरांनी आपला माणूस केवळ पंजाबी किंवा बलुची पलटणींत शोधू नये.

आम्ही महार समाजातले. पहिल्या महायुद्धात आमची भरती होती का?

होती, पण फार उशिरा आणि फार थोडा काळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जाती’च्या धोरणाखाली महारांची भरती बंद केली गेली. ज्या समाजात सुभेदार रामजी सकपाळांसारखी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात राहिलेली घराणी होती, त्याच्यावर हे झालं. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. म्हणून त्या काळचा शोध ‘१११ महार्स’ या नावाने करा, पण मजूर आणि वाहतूक तुकड्याही सोडू नका.

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. दुसरी बटालियन पुढच्या वर्षी कामठीला. तेव्हापासूनची नोंद सागरला मागता येते. त्याही मागे जायचं असेल तर कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत, ‘नाक’ या प्रत्ययासह. स्तंभावरची नावं आणि आजची आडनावं जुळवताना फार सावध राहा. पुरावा हवा, केवळ गावाचं साम्य पुरत नाही.

ते लढणारे नव्हते, स्वयंपाकी होते. किंवा बोटीवर खलाशी. त्यांचा शोध लागतो?

लागतो. भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले हे सगळे कमिशनच्या नोंदीत सैनिकांच्या बरोबरीने येतात. हुद्द्याच्या जागी ‘फॉलोअर’, ‘ड्रायव्हर’ असं लिहिलेलं असतं. यातला ड्रायव्हर मोटारीचाच असेल असं नाही, खेचर हाकणाराही ड्रायव्हर.

कोकणातल्या घरांनी समुद्राकडे बघावं. रत्नागिरी-कुलाब्याचे खलाशी आणि गोव्याचे बोटीवरचे कामगार दोन्ही युद्धांत व्यापारी जहाजांवर होते आणि पाणतीरांनी शेकडोंचा घास घेतला. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला, खलाशांच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या युद्धातल्यांचंही तिथेच. मुंबईतली फारच थोडी माणसं ते बघायला जातात. जहाजाचं नाव कळलं तर शोध सोपा होतो, म्हणून घरात पलटणीऐवजी “कुठल्या बोटीवर?” असं विचारा.

गावात, तालुक्यात काय सापडू शकतं?

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची ही जुनी नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडे ही बाडं उघडली गेली, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती झटकून लावलेली आहेत. बरीचशी मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्याला सोबत न्या. परदेशी मेलेल्या शिपायाची नोंद इथे सहसा नसते, पण जन्माची, भावंडांची असते आणि नातं सिद्ध करायला तीच लागते.

फेरफार त्याहून उपयोगी. माणूस गेल्यावर वारस लावताना मृत्यूची तारीख किंवा निदान साल लिहिलं जातं. जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही अनेक जिल्ह्यांचे मिळतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातून वय पक्कं होतं.

काही गावांत चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते. गावातून किती माणसं महायुद्धात गेली आणि किती परतली नाहीत, एवढंच तिच्यावर. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी यांना नावच सैन्यावरून मिळालं, पण पाटी अगदी लहान वाडीतही सापडू शकते. चुना मारून बुजलेली असेल तर ग्रामपंचायतीला सांगा.

कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी येतात. त्यांच्याकडची वंशावळ इतर कुठल्याही कागदाआधी ऐकून घ्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घराण्याचं कोण कधी येऊन गेलं, कुणाचं श्राद्ध केलं, हे लिहिलेलं असतं. लढाईत गेलेल्याची क्रिया करायला घरचे तिथे गेले असतील तर ती तारीख सोन्यासारखी आहे. आणि देवघरात वीराचा टाक असेल तर तो कुणाचा, हे विचारायला विसरू नका. तो शंभर वर्षांपूर्वीचा असू शकतो, तीनशे वर्षांपूर्वीचाही.

नाव मिळालं. पण त्यांनी नेमकं काय पाहिलं, हे कसं कळेल?

पलटणीच्या युद्धरोजनिशीतून. रोज कुठे मुक्काम, किती मैल चाल, पाऊस, हल्ला, किती गेले, सगळं त्यात असतं. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आहेत. मन तयार ठेवा. गोऱ्या अधिकाऱ्याला ओरखडा आला तरी नाव येतं, आपले शिपाई मात्र “३ मृत, ११ जखमी” एवढ्यात संपतात. पण मृत्यूची तारीख माहीत असेल तर त्या दिवशीचं पान उघडा. त्या तिघांतला एक कोण होता, हे तुम्हाला ठाऊक असेल. सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याच माणसाचं पत्र सापडणं दुर्मीळ, पण काळ कळतो. दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनही अशा कौटुंबिक शोधांत मार्गदर्शन करते.

आझाद हिंद सेनेत गेले असतील तर?

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्या फायली शोधा. आधीची पलटण माहीत असणं तिथेही लागतंच.

संस्थानी फौजेत होते.

मग पुराभिलेख संचालनालयाचं कोल्हापूरचं दप्तर पाहा. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर इथल्या मराठी घरांसाठी त्या त्या राज्याचे अभिलेखागार. कमिशनच्या यादीत ही नावं संस्थानाच्या फौजेच्या नावाखाली येतात.

या शोधातून पेन्शन, जमीन किंवा भरपाई मिळेल का?

नातवंडांना नाही. “ब्रिटिश सरकारकडून पैसे मिळवून देतो” म्हणून आधी फी मागणाऱ्यापासून लांब राहा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा हयात असेल तर मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आजच जा, राज्य सरकारचं मानधन तिच्या हक्काचं असू शकतं.

कमिशनच्या नोंदीत नाव चुकीचं आहे, किंवा नाहीच. दुरुस्त होतं का?

होतं. संकेतस्थळावरूनच अर्ज करता येतो. नाव, गाव, वडिलांचं नाव, हुद्दा यातली चूक दाखवणारा समकालीन कागद लागतो, म्हणजे डिस्चार्ज, पेन्शनचा कागद, पदक, फेरफार. मराठी किंवा मोडी कागद असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. मूळ कागद कधीही पाठवू नका. नोंदच नसेल तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. मृत्यू वर दिलेल्या काळात झाला आणि तेव्हा माणूस सेवेत होता. सेवामुक्त होऊन घरी गेला असेल तर मृत्यूचं कारण सेवेतलं होतं हे सिद्ध करावं लागतं, आणि तिथे बहुतेक अर्ज अडतात.

छाननीला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. अर्जाचा क्रमांक घरातल्या तरुण माणसाकडेही देऊन ठेवा.